आईच्या वाणाची पिल्लं

।। श्री ।।

रहिमतपूर,
ता. १२ नोव्हेंबर १९६४

चि. सोपान यास जाईअक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र भाऊबीजेनंतर चार दिवसांनी पोचलं. साडी मिळाली. रंग तू निवडलास की तुझ्या कारभारणीनं, ते विचारत नाही. निवडीचा विषय निघाला की सध्या माझं डोकं दुखतं.

तुझ्या सगळ्या कोंबड्या मानमोडीनं गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आईचा वाण आता माझ्याकडेच उरला म्हणतोस, ते खरं आहे. चैत्रात ती गेली तेव्हा खुराड्यात एका तांबड्या कोंबडीवाचून विशेष काही नव्हतं. तीच श्रावणात खुडूक बसली. तेरा अंडी ठेवली, अकरा पिल्लं निघाली, दोन घारीनं नेली. उरलेली नऊ आता अडीच महिन्यांची झाली आहेत आणि माझ्या शिवणाच्या मशीनखाली घाण करून ठेवतात.

ज्वारीचा भाव तुला माहीत आहेच. संक्रांतीपुढे नऊ चोची पोसणं मला झेपणार नाही. एक कोंबडा नि अंड्यांसाठी तीन तलंगा ठेवीन म्हणते, त्यातून तुझी सुरुवात करून देईन, बाकीची बाजारात जातील. पण ठेवायची कोणती? आई संध्याकाळी पिल्लं डालग्याखाली झाकताना बोट दाखवायची, हे राहू दे, ते वेगळं काढ. कारण तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वेगळी काढलेली ती पाटीत घालून स्वतः घेऊन जायची. मला आठवतं ते एवढंच, की आधी ती मूठभर कण्या टाकायची आणि बघत बसायची. पहिलं धावून येईल ते ती ठेवत असावी. त्याप्रमाणे मी चौघांच्या पायाला लाल दोरा बांधला आहे.

मामींना माझा नमस्कार सांग. पत्राला उशीर झाला तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जाईअक्का

इस्लामपूर,
ता. २० नोव्हेंबर १९६४

ती. जाईअक्काच्या चरणी सोपानचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, लाल दोरे सोडून टाक. आई कण्या टाकायची ती पिल्लं एका जागी गोळा व्हावीत म्हणून. खरी परीक्षा पुढेच असायची. पिल्लाचे पाय धरून ती त्याला उलटं टांगायची. जे मान वर उचलून धरतं ते चांगलं, जे लोंबकळत राहतं ते वाईट. मी सात वर्षांचा होईतो तिच्याजवळ होतो आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शिवाय पंचायत समितीतून एक पुस्तिका मिळाली, ती सोबत पाठवली आहे. त्यात वजन करायला सांगितलं आहे. कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर आकडे लिहितो, म्हणून मला ती रीत पटली. तुझ्या मनाला पटेल की नाही सांगता येत नाही.

एक गोष्ट सरळ लिहितो. तू हसशील. मला कोंबड्या पाळायची एवढी हौस नाही. आई पिल्लं कशावरून निवडायची, ते मला कळायला हवं आहे. मामांना मूल नव्हतं म्हणून तिनं मला इकडे दिलं, असं सगळे सांगतात. पण तुलाही देता आलं असतं. मलाच का दिलं, हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि आता ती नाही. मी फार त्रास द्यायचो म्हणून दिलं असेल, असं मी मनाशी धरून बसलो आहे. पिल्लं ती कशी बघायची एवढं जरी समजलं, तरी काही उलगडेल असं वाटतं.

मामांचा खोकला कमी आहे. दोन ओळी तरी लगेच लिही.

तुझा,
सोपान

रहिमतपूर,
ता. २ डिसेंबर १९६४

चि. सोपान यास अ. उ. आ.

तुझी पुस्तिका आली आणि माझी होती ती अक्कलही गेली. तू म्हणालास तशी नऊही पिल्लं उलटी टांगली. मान वर उचलणारी पाच निघाली, त्यांना पांढरा दोरा बांधला. लाल नि पांढरा दोन्ही मिळाले ते एकालाच.

मग वजनासाठी इमामभाईंच्या दुकानात पाटी घेऊन गेले. तराजूच्या पारड्यात एक पिल्लू ठेवलं की दुसरं गुळाच्या ढेपेवर. इमामभाई सज्जन माणूस, पण शेवटी म्हणाले, जाईबाई, तुमी उद्यापासनं हितं हत्ती आणला तरी चालंल, पिल्लं तेवढी नगंत. वजनात पहिल्या आलेल्या तिघांना निळा दोरा बांधला. सगळ्यांत भारी निघालं त्याच्या पायात आधीचा एकही दोरा नाही. आणि ते कोंबडा आहे की तलंग यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. तुरा तलंगेसारखा, शेपूट कोंबड्यासारखी, आणि वागणं आपल्या मामांसारखं.

आता तुला खरा घोळ सांगते. दोरे बांधता बांधता आईच्या खुराड्यात राहिलेल्या कोंबड्या मी एकेक आठवून पाहिल्या. एक डोळ्यानं अधू होती. एकीची बोटं वाकडी. एक कायम पंख पाडून बसायची. इतकी वर्षं रोज बघूनही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि तरी सारी गल्ली म्हणते, वाण बघावा तर तुझ्या आईचा. तुझ्या रीतीनं, माझ्या रीतीनं, पुस्तकाच्या रीतीनं, कशानंही त्या कोंबड्या निवडल्या गेल्या नसत्या. आईला पारख नव्हती असं म्हणायला जीभ रेटत नाही.

तू त्रास द्यायचास हे खरं. पण त्यासाठी कुणी पोर देत नाही, एवढं डोक्यातून काढून टाक. आठवण ठेव आणि रागावू नकोस.

तुझी,
जाईअक्का

इस्लामपूर,
ता. ११ डिसेंबर १९६४

ती. जाईअक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दर खेपेला जास्तच गोंधळलो. अधू कोंबड्या घरात, तर मग चांगल्या कुठे गेल्या? आई त्या विकून यायची म्हणावं, तर चांगल्या विकून वाईट ठेवणाऱ्या घरात वाण टिकत नाही, हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे. मी तक्ता करून पाहिला. तक्त्यातही काही जमत नाही.

भामाबाई आईच्या बरोबरीच्या, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. त्यांना विचार. पण गोल गोल विचारू नकोस. वेगळी काढलेली पिल्लं कुठे जायची, एवढंच विचार. मीही वेगळा काढलेलाच आहे, त्यामुळे मला त्यांची जास्त काळजी.

माझ्या या लिहिण्यानं मन दुखावलं असेल तर लहान म्हणून पोटात घाल.

तुझा,
सोपान

रहिमतपूर,
ता. २४ डिसेंबर १९६४

चि. सोपान यास अनेक उत्तम आशीर्वाद.

भामाबाईंना विचारलं. त्या आधी हसल्या, मग हाताला धरून मला त्यांच्या परड्यात घेऊन गेल्या. त्यांचं परडं घरामागे उताराला आणि माझा पाय असा लंगडा, म्हणून मी कधी तिथवर जात नाही. तिथं आईच्या कोंबड्या होत्या. तोच तांबडा रंग, तशाच काळ्या शेपट्या, पण भरलेल्या अंगाच्या, ताठ मानेच्या. तसला कोंबडा मी आपल्या खुराड्यात जन्मात पाहिला नाही.

त्या म्हणाल्या, तुझी आय येगळं काढायची ते सगळंच इकायला न्हवं. सगळ्यांत चांगली पिल्लं ती त्यांच्या घरी, इमामभाईंच्या घरी, वरच्या आळीत एकीच्या घरी देऊन यायची. मधली बाजारात जायची. आणि जी दुसऱ्या कुणाच्या घरी जगली नसती, ती आपल्या खुराड्यात ठेवायची. मी तिच्या खुणेचा अर्थ आजवर उलटा लावत आले.

हे सुरू झालं ते मानमोडीच्या मोठ्या साथीनंतर. आपलं खुराडं एका आठवड्यात रिकामं झालं होतं, आणि भामाबाईंना सहज दिलेली एक तलंग तेवढी वाचली. तिच्यावरून वाण परत आला. तेव्हापासून आई म्हणायची, आजार आला की एका घरातलं सगळं नेतो, चांगलं असंल ते लांब असावं.

सोपान, साल कुठलं ते मी विचारलं. त्याच पावसाळ्यात आपला भाऊ ज्योतिबा तापानं गेला. आणि दिवाळी झाल्यावर मामा तुला घेऊन गेले.

दोन दिवस मी मशीनवर बसले नाही. तुझ्यासाठी बरं वाटलं, ते खोटं नाही. पण माझं काय, ते कळेना. आईचा जीव माझ्यावर जास्त, म्हणून तिनं मला ठेवलं, असं मी आजवर धरून चालले. तुझ्यापुढे थोडी मिरवलेही असेन. आता वाटतं, पायानं अधू पोर दुसरीकडे कोण बघेल, एवढंच होतं की काय. हे कुणाला विचारायचं?

आणखी एक. दिलेली पिल्लं झोपायला चढेपर्यंत आई रोज संध्याकाळी त्यांच्या परड्याच्या भिंतीबाहेर उभी राहायची. भामाबाई आत बोलवायच्या. ती यायची नाही. म्हणायची, मला बघितलं की मागं लागत्याल, मग हितं रुळायची न्हाईत. हे ऐकून मला तिच्या इस्लामपूरच्या खेपा आठवल्या. महिन्या दोन महिन्यांनी ती सर्व्हिसच्या गाडीनं सकाळी जायची आणि दिवस मावळता परत यायची. तुला भेटूनच येत असणार, असं मी गृहीत धरलं होतं. भेटायची ना रे?

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून आहे.

तुझी,
जाईअक्का

इस्लामपूर,
ता. ५ जानेवारी १९६५

ती. जाईअक्काच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

नाही, अक्का. भेटायची नाही. पहिल्या खेपेला ती आली तेव्हा निघताना मी गाडीमागे नाक्यापर्यंत पळालो होतो. मामांनी उचलून आणलं. त्यानंतर ती कधी आली नाही, मीच सुट्टीत तिकडे यायचो. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते खोटं निघालं.

तुझं पत्र मामींना वाचून दाखवलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, ती यायची. शाळेसमोर लिंबाचं झाड आहे, त्याच्या मागे बसायची. मधल्या सुट्टीत मी खेळताना बघायची. घंटा झाली की मामींकडे भाकरी खायची आणि शाळा सुटायच्या आत गाडी गाठायची. पोर माझ्या मागं पळंल, त्याला सांगू नका, म्हणून तिनं मामींना शपथ घातली होती. चौथी पास होईपर्यंत हे चाललं. मामींनी ती शपथ आजपर्यंत पाळली.

राग कुणावर काढावा तेच समजत नाही. मामींवर काढावा तर त्या रडत होत्या. आईवर काढायचा तर काय म्हणून? मी चौतीस वर्षांचा माणूस काल त्या लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. मैदान तिथून चांगलं दिसतं.

आता तुझा प्रश्न. एकाला बघायला ती चोरून एवढ्या लांब यायची, आणि दुसरीला तिनं मरेपर्यंत रोज बघितलं. यात जास्त कुणाला मिळालं, ते मला ठरवता येत नाही. मला मात्र तुझा हेवा वाटत आला आणि अजून वाटतो. उरलेल्या माणसाचा कुणी हेवा करत नाही, अक्का.

रविवारी पहिल्या गाडीनं येतो. पिल्लांची निवड तूच कर. भारी दे, अधू दे, कोंबडा की तलंग ते न कळणारं दे, तू देशील ते मी घेऊन जाईन. पण दिलंस की बघायला यायचं. भिंतीबाहेर उभं राहून नाही. दारातून आत यायचं, आणि मी ऑफिसातून घरी आल्याशिवाय परत जायचं नाही.

एवढं या धाकट्याचं ऐक.

तुझा,
सोपान