आधी पत्ता

ता. ९ मार्च, सोमवार

ती. वन्संना नमस्कार.

आज पुन्हा कामावर गेले. आठला पोचले, चारला सुटले. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात माझी खुर्ची तीच आहे, कानाला लावायचा फोन नवीन दिलाय. जेवताना कचेरीतल्या मोठ्या बाईंनी शेजारी बसवून घेतलं. तुमचे गुडघे कसे आहेत? शेकता ना?

दहा फोन नीट घेतले. अकरावा एका बाईचा. नवरा पडलाय, बोलत नाही, म्हणाली. माझ्या हातातलं पेन गळालं. तरी सवयीने तोंडून आलं, "आधी पत्ता सांगा." आम्हाला तसंच शिकवलंय. समोरचा जितका ओरडेल तितकं आपण हळू बोलायचं, आणि पत्ता मिळेपर्यंत दुसरं काही विचारायचं नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने सांगितला. मी लिहून घेतला. गाडी गेली. तिच्या नवऱ्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कळत नाही.

तुमचा भाऊ चिडवायचा, की हिचा आवाजच चढत नाही, भांडणाची काही मजाच येत नाही.

वन्सं, हे गेले त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, "हिने डोकं शांत ठेवलं हो. गाडीच उशिरा आली." मी मान खाली घातली. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. तेव्हाच बोलायला हवं होतं.

गाडी उशिरा आली नाही. हे स्वयंपाकघराच्या दारात कोसळले आणि मी लगेच आमच्याच कक्षाला फोन लावला. पलीकडची मुलगी "बोला" म्हणाली. मी म्हणाले, "आधी पत्ता सांगा." ती गोंधळली. मी पुन्हा तेच म्हणाले. घाबरू नका, असंही म्हणाले. तिला वाटलं, आमच्यातलीच कुणाची लाइन चुकून जोडली गेली. तिने फोन ठेवला. मी तो कानाला धरून उत्तराची वाट बघत उभी होते, आणि हे माझ्याकडे बघत होते.

दुसरा फोन लावला तो तीन मिनिटांनी. कचेरीत प्रत्येक फोनवरचं बोलणं मुद्रित झालेलं असतं. आज सुटल्यावर मी ते ऐकलं. माझा आवाज अगदी शांत आहे.

डॉक्टर म्हणाले होते, तशीही आशा नव्हती. त्यांना मी ही तीन मिनिटं सांगितलेली नाहीत. मोठ्या बाईंना उद्या सांगणार आहे. खुर्ची राहील की जाईल, माहीत नाही. पण त्यांच्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं.

मे महिन्यात राहायला येते म्हणाला होतात. नाही आलात तर मी समजेन. खोली मात्र झाडून ठेवेन.

पाकिटावर तुमचा पत्ता लिहिलाय. दोनदा वाचून पाहिला. आता चपला घालते आणि पेटीत टाकून येते.

तुम्ही म्हणू द्याल तर,
तुमची भावजय