समुद्राची राखण

बाई, समुद्रात तरंगणारी पवनचक्की तुम्हाला कशी समजावून सांगितली असती, याचा विचार करत मी हल्ली आरे-वारेच्या चढणीवर गाडी थांबवून उगीच बसते. तिथून खाली वाळूच्या दोन्ही पुळणी दिसतात आणि पलीकडे इतकं पाणी, की जरा वेळ बघत राहिलं तर पाणी स्थिर आहे आणि आपणच डुलतोय असं वाटायला लागतं. किनाऱ्यालगत तळात खांब रोवता येतो, पण खोल पाण्यात ते जमत नाही. म्हणून चक्की एका भल्यामोठ्या तराफ्यावर उभी करायची आणि तराफा साखळदंडांनी तळाशी नांगरून ठेवायचा. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "अगो, म्हणजे होडीत माड लावायचा, असं म्हण की." होय बाई, अगदी तसंच. होडीतला माड, आणि त्याला तीनच झावळ्या. दुपारच्या उन्हात डोळे अर्धवट मिटले की मला तो दिसतो. पांढरा, सावकाश फिरणारा, आणि खाली तराफ्याच्या कठड्यावर समुद्रपक्षी पंख वाळवत बसलेले.

तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही मुली खाडीच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन यायचो, कारण कॉलेजची प्रयोगशाळा पाचाला बंद व्हायची. एका बाजूला आमटीला फोडणी, दुसऱ्या बाजूला खिडकीशी सूक्ष्मदर्शक, आणि तुम्ही डाव हातात धरूनच वाकून बघायचात. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, मध्ये पडायचं नाही, नुसतं बघायचं. याला निरीक्षण म्हणतात, हे तुम्ही आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितलंत. आणि मग गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या किनाऱ्यावरची ती पहाट. वाळूतून कासवाची पिल्लं निघाली आहेत, वर कावळे घिरट्या घालतायत, दोन कुत्री धावत येतायत, आणि आम्ही तुमच्या शिकवणीप्रमाणे हाताची घडी घालून बघत उभ्या आहोत. तुम्ही आमच्याकडे पाहिलंत, ओचा खोचलात, त्यात पिल्लं भरायला सुरुवात केलीत आणि ओरडलात, "बघताय काय नुसत्या ठोंब्यासारख्या? कुत्री हाकला!" परतताना एसटीत तुमच्या साडीला वाळू लागलेली होती. अर्ध्या वाटेवर तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "हे निरीक्षणात धरायचं नाही हं." आम्ही हसू दाबत बसलो.

त्यानंतर मी समुद्राचीच झाले. चक्कीच्या संशोधनाला निधी मिळावा म्हणून आम्ही काहीजण कित्येक वर्षं दारोदार फिरलो. चक्की इंजिनियरांची, पण तिच्या आसपासचं पाणी माझ्याकडे: साखळदंडांचा आवाज डॉल्फिनना कुठवर ऐकू जातो, पक्षी वाट बदलतात का, मासे तराफ्याखाली जमतात की लांब पळतात. अखेर निधी मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून एकटीच हसले. तुम्ही जाऊन वर्षं झाली, तरी सगळ्यात आधी तुम्हाला फोन करावासा वाटला, म्हणजे बघा.

मग जयगडच्या बाजूला एका गावात मच्छीमारांची सभा घेतली. आमच्या कागदांवर 'पर्यावरणीय निरीक्षण' असं लिहिलेलं होतं. ते मी वाचून दाखवलं आणि समोरच्या चेहऱ्यांवर काहीही हललं नाही. मी आपली इथलीच, जीभ सैल सुटली. म्हटलं, "म्हणजे आम्ही समुद्राची राखण करणार." शब्द तोंडातून गेला आणि सभा जागी झाली. मासळी विकणारी एक मावशी पुढेच बसली होती. ती म्हणाली, "राखण म्हंतेस ना, बाय? मग राखणदाराला वरसाचा कोंबडा लागतो. तो आमी देऊ. पन मासली गेली तर जाब तुला इचारू." सगळे हसले, मीही हसले. पण हे हसणं नव्हतं, बाई, हा करार होता. शेत-वाडी सांभाळणाऱ्या देवाला, राखणदाराला, इथले लोक दरवर्षी कोंबड्याचा मान देतात तो त्यानं नुसतं बघत बसावं म्हणून नव्हे. मी "नाही हो, आम्ही फक्त मोजमाप करणार" असं तिथल्या तिथे म्हणू शकले असते. मावशी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "विचारा जाब."

घरी येऊन मी आराखड्यात एक वाक्य घातलं: समुद्रातल्या जिवांना अपाय होतोय असं दिसलं, तर चक्की थांबवायची आणि गरज पडली तर हलवायची. निधी देणाऱ्या संस्थेतल्या साहेबांचा फोन आला. माणूस सज्जन, आवाज मऊ. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे निरीक्षणासाठी निधी आहे, थांबवण्यासाठी नाही. तेवढं वाक्य काढा, नाहीतर चक्की दुसऱ्या किनाऱ्यावर न्यावी लागेल." बरोबरच्यांनीही समजावलं. एवढी मोठी गोष्ट, एका वाक्यासाठी कशाला अडवून धरतेस? तो आराखडा गावातलं कुणी उघडूनही बघणार नाही. खरं होतं ते. मी आठवडाभर नीट जेवले नाही. वाक्य काढलं, परत घातलं, पुन्हा काढलं. शेवटी ठेवलं आणि पाठवून दिलं.

चक्की दुसऱ्या किनाऱ्यावर गेली. इंजिनियर मंडळी तिकडे गेली, मी राहिले. मी सगळ्यांना सांगते की बरं झालं, डोक्याचा ताप गेला. परवा बाजारात ती मावशी भेटली. "आली नाय ती तुजी चक्की?" "नाही आली, मावशी." "बरा झाला गो," ती म्हणाली आणि पिशवीत दोन बांगडे जास्तीचे टाकले. तिच्या दृष्टीने खरंच बरं झालं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. मीही मान डोलावली आणि घरी येऊन बांगडे साफ करता करता खूप रडले.

हे पत्र मी पाठवणार नाही, कुणाला वाचून दाखवणारही नाही. शब्द पाळला, त्याचा पस्तावा नाही. उद्या पुन्हा विचारलं तरी तेच वाक्य ठेवीन. पण बाई, मला ती चक्की हवी होती. आपल्याच समुद्रात हवी होती.