सुमनला पळू द्या

मंगळवार, तलासरीहून परतल्यावर

राग अजून उतरत नाही. आठ वर्षांच्या सुमनच्या हृदयाची झडप जन्मापासून अरुंद. यंदा शाळेतल्या आरोग्य तपासणीत आमच्या पथकाला ते कळलं, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि 'आता खेळू द्या' असं डॉक्टरांनी लिहूनही दिलं. तरी आज बाकीची मुलं खो-खो खेळत होती आणि ही पायरीवर बसलेली!

"सिस्टर, जबाबदारी कोण घेणार?" मुख्याध्यापक म्हणाले. डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात, घडीसुद्धा न मोडलेली.

झडप अरुंद होती तेव्हा हेच सर तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. धाप लागून त्याच पायरीवर बसली की आळशी म्हणायचे. आणि मी? गेल्या वर्षी ती दमलेली पाहून "नीट जेवत जा" एवढंच म्हणाले होते. कशी म्हणाले?

मी वाद घालत होते, तेवढ्यात सुमनला न्यायला आलेली तिची आई पुढे आली. "गुरुजी, आजारी व्हती तवा पळवलीत. आता बरी झाली, तर बसवता?"

मग सरांनीच सुमनला खेळायला बोलावलं. पहिल्याच डावात ती बाद झाली आणि "मी बाद नाही!" म्हणून सरांशीच कडाकडा भांडली.