कलाकारांची ताटं

७ फेब्रुवारी १९७४, गुरुवार
सुमन आपल्या हॉटेलाच्या कट्ट्यावर पहिल्यांदा गायली, त्या गुरुवारी माझं सगळं फिरलं. कॉलेज तिथंच सुटलं. घरात सांगतात, अण्णांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून दिनूनं शिक्षण सोडलं. सांगू देत. गल्ल्यावरनं कट्टा समोर दिसतो, म्हणून सोडलं.
आजही जागा नव्हती. कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, पोरं केसाला तेल लावून दुपारपासून हजर. सु. निळ्या साडीत. तिचे वडील बाबूरावकाका पेटीवर. कंपनीत भट्टीवर असतात, पण बोटं बघावीत. गाणं चालू असताना वाढायचं नाही, हा अण्णांचा, माझ्या वडिलांचा नियम. एकानं मधेच रस्सा मागितला. अण्णा म्हणाले, "भाऊ, रस्सा कुठं पळत न्हाई. गानं पळतंय."
तिनं एकदा गल्ल्याकडं बघितलं. माझ्याकडं की डोक्यावरच्या घड्याळाकडं, कळलं नाही.

१२ फेब्रु.
अण्णा नव्या गिऱ्हाइकाला हॉटेलाचा इतिहास ऐकवत होते. मला पाठ आहे. बासष्ट साली कारखान्यांचे पाये खणायला माणसं आली, तेव्हा आईनं शेताच्या बांधावर चूल मांडली. पिठलं-भाकरी. शेत कंपनीत गेलं, चूल राहिली. मग पत्रे आले, बाकडी आली. परभणीकडची, कोकणातली पोरं सुट्टीला जेवून गात बसायची, म्हणून उरलेल्या विटांचा कट्टा. आणि शेवटी नेहमीचं: "गानाऱ्याला माझ्याकडं पयला मान. तेंची ताटंसुदिक येगळी."
ताटांच्या कडेवर 'कलाकार' असं नाव घालून घेतलंय. वेगळ्या फळीवर असतात. मला लहानपणापासून त्या फळीचा अभिमान.

१५ फेब्रु.
बोललो एकदाचा. कासारवाडी स्टेशनच्या फलाटावर. सु. बालवाडीतनं शिकवून परत येत होती. म्हणलं, लग्न करायचंय तुझ्याशी. हसली नाही. म्हणाली, "दिनू, तुमच्या घरात मी कुठल्या ताटात जेवणार?"
म्हणलं, तुम्हाला तर मानाची ताटं.
"ढोलकीवाला गणपत तुमच्या भावकीतला ना? तोही कट्ट्यावर बसतो. त्याला कुठलं ताट येतं, बघ एकदा."

२१ फेब्रु., गुरुवार
बघितलं. गणपतला साधं ताट. काका, सु. आणि टाळवाला किसन, तिघं बौद्ध, तिघांना 'कलाकार'. आई ती ताटं शेवटी, बाजूला घासते. रोज बघतोय मी हे. डोळे होते का भोकं.
गाणं संपलं, जेवणं वाढली, आणि मी कट्ट्यावर चढलो. माइक हातात. म्हणालो, हा मान-बीन काही नाही, ही शिवाशिव आहे. काकांच्या पुढ्यातलं ताट उचलून सगळ्यांना दाखवलं. वरणभात होता त्यात.
काका उठले. पेटी बंद केली, वर फडकं घातलं. "येतो अण्णा," एवढंच. अण्णा खुर्चीत तसेच, मान खाली.
वाटलं होतं सु. माझ्याकडं बघेल. बघितलं तिनं. तसं कुणी कुणाकडं बघू नये.

२३ फेब्रु.
तिच्या चाळीत गेलो. दारातच अडवलं.
"शाबासकी पाहिजे का?"
म्हणलं, खरं तेच बोललो.
"आम्हाला ठाऊक नव्हतं होय? बाबा पहिल्याच दिवशी समजले होते. तरी गिळलं. आठवडाभर भट्टीपुढं उभं राहिल्यावर एक दुपार गायला मिळत होती. बाकीच्यांना तो मान वाटत होता, तेवढ्यावर ते मान वर करून बसत होते. तू त्यांचं ताट उचलून गावाला दाखवलंस. मला विचारलंस?"
नव्हतं विचारलं.
आतून काका म्हणाले, "सुमन, त्याला पाणी दे." दिलं. प्यायलो. त्यांच्या घरचं पाणी प्यायलो हे लगेच कुणाला तरी सांगावंसं वाटलं. म्हणजे मीही शेवटी अण्णांचाच…

७ मार्च, गुरुवार
कट्ट्यावर कांद्याची पोती. थोरला भाऊ सदा खूष, तिथं परमिट रूम काढू म्हणतो. पोरं येतात, गिळतात, उठतात. परभणीचा एक जण म्हणाला, "दिनूभाऊ, न्याय केलास राव. पण आमची दुपार गेली." हाणणार होतो. हात उचलला गेला नाही.
अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, ते न बोललेलं बरं.

१६ मार्च
अण्णांनी बोलावलं. "बाबूरावकडं जाऊन आलो. हात जोडले. ती ताटं मोडीत घातली, आता समद्यांस्नी एकच. येत्या गुरवारी पेटीवर बसतो म्हनला. सुमन बी गानार."
चार पावलं जाऊन पायाच पडणार होतो. तेवढ्यात, "पर तू तिचा नाद सोडायचा. कट्ट्यावर ती माझी लेक. सून म्हनून न्हाई. तू ह्या घरात ऱ्हाऊन तुझं तिच्याशी काय असलं, तर ती कट्ट्यावर न्हाई. भावकी हॉटेल पेटवंल."
"तिला विचारलंत?"
"बाबूरावला सांगितलं."
म्हणजे तिला नाहीच. बापासारखा मुलगा, मुलासारखा बाप.

१९ मार्च
विचारलं. बालवाडीच्या फाटकाशी. अट तिला काकांकडून कळली होती.
"मी गाणार."
आणि माझं काय?
"गायचं माझं मी ठरवलं. तुझं तू ठरव. पण रागात ठरवलेलं माझ्याकडं आणू नकोस. तुझ्या रागाचं मी काय करू?"
हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पोरं चिकटली होती तिच्या पदराला, त्यांना घेऊन आत गेली.

२० मार्च, बुधवार
अट आहे: तू ह्या घरात ऱ्हाऊन. मग घरात मीच नसलो तर? देहूरोडला एका वर्कशॉपात मदतनीस पाहिजे, जागा तिथंच मिळेल. राग आहे का हा? आहे. पण काल दुपारपासून तो निवायची वाट बघतोय, आणि निवला तरी हेच ठरतंय.
दुपारी अण्णांना सांगितलं. उद्या ती गाणार, गाऊ द्या. मी इथं राहणार नाही. नाद सोडला असं मात्र म्हणणार नाही.
"तिनं हो म्हनलंय?"
"नाही."
"मग कशाच्या जिवावर निघालास?"
सु.ला कळवलेलं नाही. कळवलं तर उपकार ऐकवल्यासारखं होईल.
कांद्याची पोती उतरवली, कट्टा झाडला, सतरंजी घातली. आई म्हणाली, जेवून जा. जेवायला बसलो असतो तर उठलो नसतो. पिशवीत दोन शर्ट आणि ही वही. हे स्टेशनवर लिहितोय.
निघताना अण्णांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "दार लावून घे, मांजर शिरतंय."
लावलं.