धुकं काचेच्या आतल्या बाजूला

उस्ताद,

उल्हासनगरला कॅम्प एकच्या गल्लीत आता तुमचं गॅरेज नाही, तिथे जीन्सचं दुकान झालंय, हे सांगायला मी बसलेली नाही. बसलेय एका हीटरबद्दल सांगायला. पण गेले काही दिवस माझं डोकं एका जागी राहत नाही. पाना उचलते, ठेवते, हात पुसते, परत तोच पाना शोधत फिरते. बदलापूरला माझं स्वतःचं गॅरेज आहे, कामाला दोन माणसं आहेत, तीच आता मला पाना शोधून हातात देतात. नवरा म्हणाला, कोणाशी तरी बोल एकदा. ज्याच्याशी हे बोलावं असा माणूस म्हणजे तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्याही केसांत पांढरं दिसायला लागलंय.

आपल्याकडे हीटर म्हटलं की लोक हसतात. उल्हासनगरच्या उकाड्यात गाडीला हीटर कशाला? जुनी विलायती गाडी आली आणि हीटरची जाळी, म्हणजे गरम पाणी फिरवणारा छोटा रेडिएटर, गळत असली, की सगळी गॅरेजवाली एकच करायची, दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकायचे आणि जाळी भंगारात. तुम्ही ते कधी केलं नाहीत. तुम्ही म्हणायचात, "हीटर ठंडी के लिए नहीं है बेटा, पावसात काच कोण पुसणार, तुझा बाप?" माझा बाप तेव्हा मोरिवलीच्या बाजूच्या कारखान्यात पाळीवर काम करत होता आणि मी आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन गॅरेजा-गॅरेजांतून फिरत होते. पोरगी आहे म्हणून कोणी उभं करत नव्हतं. तुम्ही सर्टिफिकेट बघितलंच नाहीत. माझे हात बघितलेत आणि म्हणालात, उद्या ये. मी बुटकी, बॉनेटमध्ये हात पोचायचा नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पट्ट्या वेल्ड करून मला एक लोखंडी पाट बनवून दिलात. पायाने माझ्याकडे सरकवलात, एवढंच.

ओरडाही तिथेच खाल्ला. एका गाडीचा हीटर चालत नव्हता आणि मी हुशारीने डॅशबोर्ड खोलायला घेतला होता. अर्धे स्क्रू निघाले होते. तुम्ही आलात, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतलात आणि मला इंजिनापाशी उभं केलंत. हीटरकडे जाणारे दोन पाइप दाखवलेत. "पहले हाथ, बाद में पाना." दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय, दोष हवेच्या बाजूला. एक गरम आणि एक गार, तर मध्ये कुठेतरी तुंबलंय. दोन्ही गार, तर पाणी तिथवर पोचतच नाही. सगळ्या गॅरेजसमोर बोललात. मी पाटावर उभी राहून पाइप धरले, हात भाजला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते भाजल्यामुळे असं सगळ्यांना वाटू दिलं.

तर या पावसाळ्यात सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगींतून एक गृहस्थ आले. निवृत्त, नीटनेटके, मोजकं बोलणारे. गाडी म्हणजे दोनच सीटची, बुटकी, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स कार. तरुणपणी हौसेने घेतलेली, मग वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली. आता परत चालू केलेली. तक्रार एकच, पावसात काचेवर आतून वाफ धरते आणि काही दिसत नाही. मी हात लावला. एक पाइप गरम, एक गार. इंजिनावरचा हीटरचा कॉक, म्हणजे पाणी सोडणारी तोटी, गंजून बंद पडला होता आणि त्याची केबल निसटली होती. कॉक सोडवला, जाळीतून उलट्या बाजूने पाणी मारलं, विटेच्या रंगाचं पाणी कितीतरी वेळ येत राहिलं. शेवटी दोन्ही पाइप गरम झाले. ते खूष होऊन गेले आणि पहिल्याच मोठ्या सरीनंतर परत आले.

दुसऱ्या वेळी कळलं की गरम हवा येते, पण पायाशी. काचेच्या खालच्या फटीतून फुंकरसुद्धा नाही. डॅशच्या मागे हवा वर नेणारा कागदी पाइप भुगा होऊन पडला होता. नवा घातला. काचेपाशी हात धरला, तळव्याला छान ऊब लागली. मला वाटलं, झालं. ते तिसऱ्यांदा आले, आणि काच पूर्वीपेक्षा जास्त धरत होती.

तेव्हापासून माझी झोप उडाली म्हणा. काचेवरून बोट फिरवून वास घेतला. जाळी गळत असती तर काच तेलकट झाली असती, गोडूस वास आला असता. तसं काही नव्हतं. इंजिनाचं पाणी तापलं की वाट उघडणारा थर्मोस्टॅट काढून घरच्या पातेल्यात उकळला. तो उघडताना बघत असताना मला काकींचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही थर्मोस्टॅट माझ्या हातात देऊन मला तुमच्या घरी पाठवलं होतंत, गॅसवर उकळून बघून ये म्हणून. मी दारातच थांबले. आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे हे काकींना माहीत होतं, आणि कुठल्या घरात मला कुठवर जाऊ देतात हे मला शाळेपासून माहीत होतं. काकींनी कढीचं भांडं उतरवलं आणि म्हणाल्या, "अंदर आओ ना, गॅस इधर है, बाहर थोडी है." त्यांच्याच पातेल्यात तो ग्रीस लागलेला थर्मोस्टॅट उकळला. दोघी वाकून बघत होतो. पितळेची चकती वर सरकली तशा त्या खुदकन हसल्या. नंतर पातेल्यावरून तुम्हाला बोलल्या, मला नाही. ते पातेलं मात्र पुढे त्यांनी स्वयंपाकाला वापरलेलं मी पाहिलंय.

हा थर्मोस्टॅटही चांगला निघाला. मी त्या गृहस्थांना सांगितलं, गाडी ठेवून जा, मला अजून सापडत नाहीये. ते गेले नाहीत. स्टुलावर बसले आणि खाली बघत सांगू लागले. त्यांची बायको अंबरनाथच्या एका कारखान्यात ट्रेसर होती. मोठमोठ्या यंत्रांची चित्रं शाईने उतरवून काढायची, केसाइतकी बारीक रेघ, हात कधी हलला नाही. आता तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. नजर हळूहळू जाणार, किती ते डॉक्टरही सांगत नाहीत, आणि ती विचारलं की म्हणते, दिसतंय, दिसतंय. लग्नानंतर ती दोघं या गाडीतून पावसात बारवी धरणाच्या रस्त्याला जायची. म्हणून तर त्यांनी गाडी परत उभी केली होती. परवा दोघं निघाली, आणि अर्ध्या रस्त्यात काच पांढरी झाली. तिने विचारलं, "हे धुकं काचेवर आहे की माझ्याच डोळ्यांत?" त्यांनी गाडी बाजूला घेतली. त्यांना उत्तर देता येईना, कारण काच खरंच धरली होती. "तुम्ही फक्त काच साफ करून द्या," ते मला म्हणाले, "म्हणजे निदान तेवढं तरी कळेल."

ते गेल्यावर मी गाडीत जाऊन बसले. बाहेर पाऊस, पत्र्यावर नुसता धडधडाट. पायाखालचा गालिचा वरून कोरडा होता. का कोण जाणे, मी हात त्याच्याखाली घातला, आणि खालचा नमदा, तो लोकरीचा जाड थर, दाबल्यावर पाणी वर आलं. मग मात्र बुडाला मुंग्या लागल्यासारखी उठले. काचेच्या पुढे, बॉनेटच्या वर जी हवेची जाळी असते, जिथून पंखा बाहेरची हवा ओढतो, तिथे मग्याने पाणी ओतलं. ते खालून जमिनीवर पडायला हवं. पडेना. आत साचलं, आणि हळूच गाडीच्या आत उतरलं. गाडी सोनिवलीला चिंचेखाली उभी असते. चिंचेची पानं केवढीशी, जाळीतून सहज जातात, आणि खाली पाणी जायच्या नळीत बसून त्यांचा चिखल होतो. म्हणजे पंखा त्या साचलेल्या पाण्यावरची दमट हवा ओढत होता आणि हीटर ओला नमदा तापवून वाफ काढत होता. मी हीटर जितका चांगला केला तितकी काच जास्त धरत गेली. तारेने नळी मोकळी केली. काळा लगदा भळकन खाली आला. नमदे काढून गॅरेजच्या आढ्याला पंख्यासमोर वाळत टाकले. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि तुम्हाला हाक मारावीशी वाटली.

गाडी न्यायला दोघं आली. त्या बारीक, ताठ, पांढऱ्या साडीवर निळा रेनकोट. गृहस्थ म्हणाले, वाफ नेहमी हिच्या बाजूने सुरू होते, तेव्हा तुम्ही चालवा आणि हिला बसवा, मी थांबतो इथे चहा घेत. दोनच सीट, दुसरा इलाजही नव्हता. आम्ही बारवीच्या रस्त्याला लागलो. पाऊस चांगला धरून होता. मी पंखा पूर्ण केला, दांडी गरमवर ओढली, आणि काच, उस्ताद, काच अशी की मध्ये काच नाहीच. डोंगरावरून उतरणारं पाणी, भातखाचरांतली माणसं, सगळं धुऊन पुसून ठेवल्यासारखं.

वळणापाशी त्या म्हणाल्या, "इथे करटोली घेऊन बसायच्या बायका. अजून बसतात का गं?"

बायका समोरच होत्या. निळ्या प्लास्टिकखाली तिघी-चौघी, पुढ्यात हिरवे ढीग. आमच्यापासून इतक्या जवळ की मी गाडी हळू केली होती ती त्यांच्यासाठीच. मी पंखा वाढवायला हात नेला, तो पूर्णच होता. त्यांनी मान माझ्याकडे वळवली नाही.

"काच साफ आहे ना आता?"

"हो."

"आतूनपण?"

तुम्ही एकदा एका शेठला तोंडावर सांगितलं होतंत, इंजिन गेलंय, सहा महिने काढेल. तो शिव्या देऊन गेला. तुम्ही मला म्हणालात, गाडीची बीमारी मालकापासून लपवायची नाही, त्याला आवडो न आवडो. मी ते ऐकत मोठी झाले. म्हणून म्हटलं, "हो, आतूनपण."

त्यांनी हात पुढे करून बोटांची टोकं काचेला लावली. कोरडी. मग म्हणाल्या, "बरं झालं. कळलं." आणि थोड्या वेळाने, "त्यांना मी सांगेन. तू नको सांगूस." मग त्यांनी गाडी थांबवायला लावली, छत्री घेऊन उतरल्या आणि आवाजाच्या रोखाने चालत गेल्या. ढिगातून एकेक करटोलं बोटांनी चाचपून निवडलं. विकणारी बाई म्हणाली, "घ्या आजी, ताजी हायत, आज सकालचीच आनलीत." या हसून म्हणाल्या, ताजी आहेत ते हाताला कळतंय मला. गॅरेजवर परत आल्यावर गृहस्थांनी धावत येऊन विचारलं, काय, कसं होतं? "सगळं दिसलं," त्या म्हणाल्या, आणि करटोल्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली.

बाईंनी त्यांना अजून सांगितलेलं नाही. गृहस्थ दर रविवारी बायकोला घेऊन जातात आणि आल्यावर मला फोन करतात, काच एकदम फर्स्ट क्लास म्हणून. मी हं हं करते. फोन ठेवला की हाताला चैन पडत नाही. मला तुम्ही आठवता. गाड्यांचं खरं सांगायचात, आणि स्वतःचा खोकला मात्र पेट्रोलच्या वासावर ढकलत राहिलात. मला हॉस्पिटलात बोलावलं तेव्हा तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होतात. काकींनाही काही माहीत नव्हतं. मी किती वर्षं त्याचा राग धरून होते. आता त्या बाई "सगळं दिसलं" म्हणाल्या, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की लपवणाऱ्याचंही काहीतरी म्हणणं असेल. काय, ते मात्र अजून कळलेलं नाही. तुम्ही असतात तर विचारलंच असतं, आणि तुम्ही पाना शोधायच्या निमित्ताने उठून गेला असतात.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता नाही, काकी मुलाकडे गेल्या, तिथला माझ्याकडे नाही. राहील इथेच. फक्त एक गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी करटोली घेऊन परत येताना मी पंखा बंद केला होता. दांडीही गारवर ढकलली. म्हटलं, धरू दे वाफ, येईपर्यंत तरी त्यांना वाटू दे की काचच आहे. थोड्याच वेळात त्यांच्या बाजूचा कोपरा पांढरा व्हायला लागला. त्यांनी फटीवर तळवा धरला, हवा येत नाही हे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, "चालू कर गं. तुला तरी रस्ता दिसायला हवा."