डुकरं आली नाहीत

९ सप्टेंबर
डुकरं आलीच नाहीत! भात निसवलं की रोज येतात, यंदा बांधावर एक खूर नाही. लाहू रात्रभर शेतातल्या माळ्यावर राखणीला बसून डबा बडवतो. सकाळी आला — डोळे लाल, पण हसतोय. मागच्या वर्षी डुकरानं त्याची मांडी फाडली होती. अर्धं शेत गेलं ते वेगळंच.

१४ सप्टेंबर
ओहोळाच्या चिखलात पंजे. सासूबाईंनी बघितलं नि तिथंच हात जोडले. "वाघ हाय. म्हणून डुकरं पलाली." खरं तर बिबट्या — पण इथं तोही वाघच.

लाहू म्हणाला, "राखणदार आलाय, मग मी माळ्यावर कशाला?" लग्नापासून भाताच्या दिवसांत नवरा रात्री घरी नसायचाच. आजपासून घरी झोपणार!

२२ सप्टेंबर
भात डोलतंय. आमच्या कैनाड गावात सगळ्यांचंच.

२८ सप्टेंबर
शेळी गेली. गाभण होती. ओहोळापाशी चरत होती, तिथूनच ओढून नेली. मी जेवले नाही.

लाहू तडक डहाणूला, वनखात्यात. "पिंजरा लावा!" तिथल्या भारतीताई त्याच्याबरोबर घरी आल्या. म्हणाल्या, "हा नेला तर दुसरा येईल. नाहीतर डुकरं येतील. शेळ्या आत बांधा, दार पक्कं करा."

लाहू धुमसत होता. सासूबाई एवढंच बोलल्या — "शेली एक गेली. शेत अख्खं रायलं."

३० सप्टेंबर
लाहूनं बांबूचा गोठा बांधला. दाराला साखळी. पिंजऱ्याचं नाव काढत नाही.

१७ ऑक्टोबर
वाघबारस, वाघोबाच्या पूजेचा दिवस. दरवर्षी सासूबाईंच्या मागे उभी राहते. आज स्वतः पुढे झाले, वाघोबाच्या कोरीव लाकडी पाटासमोर नारळ फोडला. मनात म्हटलं — शेत राखलंस, तुझे उपकार. शेळी माफ. पण दुसरी नको हं!

२ नोव्हेंबर
कापणी झाली. खळ्यावर पाय ठेवायला जागा नाही. बुधीबाई शेजारून बघायला आली, म्हणाली, "गो, या वर्साला पोटभर!" अंग दुखतंय, चक्कर येते. पण मन भरलंय.

११ नोव्हेंबर
उपकेंद्रात गेले होते. सिस्टर हसल्या — "दिवस गेलेत. दोन महिने झाले."

लग्नानंतर चार वर्षांनी! लाहू ओटीवर बसून रडला.