हातक्लचची गाडी

१२ फेब्रु. २००१, सोमवार
बँकेत जाताना गाडी पुन्हा बंद. ऐन चढावर. मागून हॉर्नची बोंब. एकजण खिडकीशी आला, "उतरा की बाई, ढकला जरा." कुबडी दाखवली. वरमला. मग चौघांनी ढकलली.
दादा घरी म्हणाला, "सतरा वर्षांचा खटारा. इकून टाक. मी सोडतो की तुला बँकंत." वहिनीनं मान डोलावली. मी भाकरी वाढून घेतली.

१४ फेब्रु.
उद्यमनगरात बाबू मिस्त्रींकडं. डावा पाय पोलिओत गेलेला, म्हणून क्लच हातानं ओढायचा दांडा यांनीच घडवून दिला होता. अकरा वर्षं झाली.
"ताई, इंजिन ऑइल पितंय. सिलिंडर आतनं घासून बोअर करावं लागंल. ब्लॉकला चीर निघाली तर मात्र सपलं."
"मग दांडा दुसऱ्या गाडीला बसवाल?"
त्यांनी दोन्ही हात पुढं धरले. थरथरत होते.
"आता न्हाय जमायचं."
पुण्यात कोणी करतं म्हणे. म्हणे.

१८ फेब्रु., रविवार
सकाळी दारात अनोळखी माणूस, टायरवर लाथ मारून बघतोय. हातकणंगल्याचं गिऱ्हाईक. दादानं बोलावलेलं. मला न विचारता!
"पावणं, चहा घ्या. गाडी विकायची न्हाय."
"अगं, तुझ्याच भल्यासाठी..." दादा.
"आरसी बुकावर नाव कुणाचं हाय?"
आवाज चढला माझा. शेजारी गॅलरीत आले. येऊ देत.
पाव्हणा गेल्यावर दादा हळू बोलला, "रस्त्यात कुठं अडकलीस तर?"
शाळेत चार वर्षं त्यानंच पाठुंगळी नेलं. विसरले नाही. तो आजारी पडला की माझी शाळा बुडायची. तेही नाही विसरले.
हे त्याला सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

२६ फेब्रु.
इंजिन उतरवलं. दोन रिक्षा कुबडी बघून थांबल्याच नाहीत. दादा स्कूटर घेऊन फाटकात उभा. तिसऱ्या रिक्षानं गेले. बँकेत २० मि. उशीर. साहेबांचं तोंड वाकडं.
दुपारी मिस्त्रींचा फोन : ब्लॉक शाबूत. पाणी आलं डोळ्यांत. काउंटरवर, सगळ्यांदेखत. छे.

११ मार्च, रविवार
गाडी कालच मिळाली. मिस्त्री म्हणालेत, पहिले काही दिवस दमानं घ्या, लांब नेऊ नका. आज एकटीच राधानगरीच्या रस्त्याला. आवाज झकास. खिडक्या उघड्या, उसाचा वास, मोठ्यानं गाणी म्हटली.
मग चढाला इंजिन तापल्याचा काटा लालवर.
बाजूला घेऊन बॉनेट उघडलंय. गार होईपर्यंत हे लिहितेय. समोरच्या दुकानात फोन आहे. दुकानदार येऊन गेला, "घरला कळवू काय कुणाला?"
"नको. कळशीभर पाणी द्या."
रेडिएटरात ओतलं. वाफ बसली. खाली ठिबकतंय मात्र. पाणी की ऑइल, इथून दिसत नाही.
धरण पुढं दहा किलोमीटर. घर मागं चाळीस.
पुढं जाते.